लॉजच्या खोलीत स्वयंपाकघराविना जेवण: इंदूरला मुक्कामी येणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

जळगाव, भुसावळ या भागांतून बुऱ्हाणपूर-खंडव्याच्या रस्त्याने इंदूरला येणारी मराठी मंडळी बहुधा दवाखाना, परीक्षा किंवा सियागंजातील खरेदी या कारणांनी येतात आणि सरवटे बस स्थानकाच्या किंवा रुग्णालयाच्या आसपास एखादी खोली घेऊन पाच-दहा दिवस राहतात. पहिले दोन दिवस पोहे-जिलेबी आणि कचोरीवर आनंदात जातात. तिसऱ्या दिवशी पोट कुरकुरू लागते, चौथ्या दिवशी खिसा कुरकुरतो, आणि मग आम्हा इंदूरकर नातेवाइकांना फोन येतो की खोलीत काही करता येईल का. करता येते. मात्र ज्या क्रमाने लोक ते करू पाहतात त्या क्रमाने ते कधीच साधत नाही, म्हणून हा लेख.

चूक एकच आहे आणि ती सर्वांची सारखी आहे: घरातला स्वयंपाक जसाच्या तसा खोलीत उचलून आणण्याचा प्रयत्न. मग केटलीत डाळ शिजवणे, इस्त्री उलटी धरून तिच्यावर पोळी शेकणे, पाणी तापवण्याच्या रॉडने भात करणे असले प्रकार होतात. त्याऐवजी स्वयंपाकाची दोन भागांत विभागणी करावी. भाजणे, परतणे, फोडणी देणे हे विस्तवाचे काम घरीच उरकून यावे आणि खोलीत फक्त कढत पाण्याचे काम ठेवावे. पुढील सर्व टप्पे या एका विभागणीवर उभे आहेत, त्यामुळे टप्पा २ टाळून थेट टप्पा ५ वाचण्यात काही लाभ नाही.

टप्पा १: खोली ठरवताना विचारायच्या गोष्टी

पैसे भरण्यापूर्वी काउंटरवर तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात. पहिली, खोलीत विजेची केटली वापरण्यास परवानगी आहे का. शेगडी, इंडक्शन आणि छोटा गॅस सिलिंडर यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते आणि ती योग्यच आहे. बंद खोलीत, गादी-पडद्यांच्या सान्निध्यात ज्वाला पेटवण्याचा विचारही करू नये. केटलीला मात्र सहसा कोणी हरकत घेत नाही, विशेषतः आपण लपवून न ठेवता आधीच विचारले असेल तर. दुसरी गोष्ट, खोलीत मोठ्या पिनांचा, म्हणजे १६ अँपिअरचा, सॉकेट आहे का. तिसरी, पिण्याच्या पाण्याची सोय कोठे आहे. धर्मशाळेत उतरणार असाल तर कांदा-लसूण आणि अंडी चालतात की नाही, हेही विचारावे, कारण तेथील नियम मोडल्यास खोली सोडण्याची वेळ येऊ शकते.

मॅनेजरने विजेच्या खर्चाचे कारण पुढे केले तर नम्रपणे हिशेब सांगावा. एक लिटर पाणी उकळण्यास सुमारे ०.१ युनिट वीज लागते. दिवसात पाच वेळा पाणी उकळले तरी अर्ध्या युनिटच्या आसपासच जाते.

टप्पा २: घरून करून आणायची तयारी

या टप्प्याला घरी एक दुपार द्यावी लागते, आणि खरा स्वयंपाक तो हाच. दोन माणसांच्या पाच दिवसांसाठी पुढील चार डबे पुरतात.

*उपम्याचा तयार रवा.* तीन वाट्या जाड रवा मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटे, खमंग वास येईपर्यंत पण रंग फारसा न बदलता भाजावा. वेगळ्या कढईत चार मोठे चमचे तेल तापवून मोहरी, उडदाची डाळ, हिंग, सुक्या लाल मिरच्यांचे तुकडे आणि कढीपत्ता घालावा. कढीपत्ता बोटांनी चुरला जाईल इतका कुरकुरीत होईपर्यंत परतणे आवश्यक आहे, कारण पानात राहिलेला ओलावा पुढे सगळा डबा बिघडवतो. त्याच कारणासाठी ओली मिरची, आले आणि कांदा यांना या मिश्रणात स्थान नाही. फोडणी रव्यात कालवून, दोन लहान चमचे मीठ घालून पुन्हा पाच मिनिटे परतावे.

*बाटलीतील फोडणी.* अर्धी वाटी तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद आणि कुरकुरीत कढीपत्ता अशी नेहमीची फोडणी करावी आणि पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावी. खोलीत ज्या पदार्थाला घरची चव यावी असे वाटते त्यावर तिचा एक चमचा पुरतो. हळद तेलात शिजलेली असणे महत्त्वाचे आहे. कच्ची हळद नंतर कढत पाण्यात टाकली की सगळ्या पदार्थाला औषधासारखी चव येते, ही मी स्वतः चाखलेली गोष्ट आहे.

> सावधान: या तेलात लसूण घालू नये. तेलात बुडालेला ओला लसूण खोलीच्या तापमानाला राहिल्यास त्यात बोटुलिझम या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे विष तयार होऊ शकते, आणि त्याचा वास किंवा चव यांवरून पत्ता लागत नाही. लसूण हवाच असेल तर सुक्या खोबऱ्याची कोरडी चटणी वेगळ्या डबीत आणावी.

*खिचडीचा भरडा.* एक वाटी तांदूळ आणि एक वाटी सालाशिवायची मूगडाळ धुऊन, फडक्यावर पसरून पूर्ण वाळवावी, नंतर मंद आचेवर भाजून इडलीच्या रव्याइतपत जाडसर दळावी. गेल्या उन्हाळ्यात भुसावळच्या मावशीचा फोन आला, “अरे, तू सांगितल्याप्रमाणे थर्मासात टाकलं, पण दोन तास झाले, डाळ दाताखाली येतेय.” मी विचारले, “मावशी, डाळ अख्खी टाकलीस का?” पलीकडे क्षणभर शांतता. थर्मास उष्णता धरून ठेवतो, वाढवत नाही. अख्ख्या डाळीच्या गाभ्यापर्यंत ती पोहोचण्याआधी पाणी कोमट होऊन जाते. दाणा फोडून लहान केला की तेच काम पाऊण तासात होते. म्हणून भरडणे हा आळशी माणसाने गाळण्याचा भाग नव्हे.

*कोरडा डबा.* मेतकूट, शेंगदाण्याचे कूट, जिरेपूड, मीठ, साखर आणि एखादी कोरडी चटणी लहान डब्यांत भरावी. पोहे, दही, लिंबू, काकडी, दूध या वस्तू इंदुरात गल्लोगल्ली मिळतात. त्यांचे ओझे बसमधून वाहून आणू नये.

> तपासणी: कोणताही डबा झाकण्यापूर्वी त्याच्या तळाला हात लावून पाहावा. किंचितही ऊब जाणवली तर झाकण लावू नये. गरम डबा बंद केला की झाकणाच्या आत वाफ धरते, ती थेंब होऊन रव्यात उतरते आणि तिसऱ्या दिवशी गुठळ्या व कुबट वास हाती येतो. दोन तास उघडे ठेवून, वर पातळ फडके टाकून निववावे.

टप्पा ३: बरोबर घ्यायची भांडी

यादी लहान आहे आणि ती लहानच ठेवावी: एक केटली, एक लिटरचा रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास, घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे, दोन ताटल्या, लांब दांड्याचा चमचा, छोटी सुरी, दोन सुती फडकी, एक जाड टॉवेल, भांडी घासण्याची घासणी आणि साबणाची वडी. चहाचा अरुंद तोंडाचा थर्मास चालत नाही. त्यातून खिचडी बाहेर काढणे आणि तो आतून धुणे ही दोन्ही कामे अशक्यप्राय आहेत.

केटली निवडताना बुडाशी लिहिलेले वॅटचे आकडे पाहावेत. येथे थोडे गणित करणे भाग आहे. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो, त्यामुळे लहान पिनांच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त १३८० वॅटची वस्तू चालवता येते. बाजारात सर्रास मिळणारी केटली १५०० वॅटची असते, म्हणजे ती पलंगाशेजारच्या, मोबाईल लावायच्या बोर्डावर या मर्यादेच्या बाहेर जाते. तिची जागा १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटवर आहे. प्रवासासाठी ६०० ते १००० वॅटची केटली घेतली तर हा प्रश्नच मिटतो. पाणी उकळायला दोन-चार मिनिटे जास्त लागतात, एवढेच.

टप्पा ४: खोलीत शिरल्यावर, काहीही करण्यापूर्वी

प्रथम जागा ठरवावी. केटली टेबलावर किंवा सपाट फरशीवर, भिंतीपासून हातभर दूर, पडद्यापासून त्याहून दूर आणि न्हाणीघराच्या दारापासून लांब ठेवावी. पलंगावर, गादीवर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर ती कधीही ठेवू नये. सॉकेट सैल असेल, त्याभोवती काळपट डाग असेल किंवा बटण दाबताच चरचर आवाज येत असेल तर तो वापरू नये आणि काउंटरवर कळवावे. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावून अर्थिंग तोडणे, किंवा एकाच मल्टिप्लगवर केटली, चार्जर आणि पंखा टांगणे, हे दोन्ही उद्योग टाळावेत.

नंतर पाणी. न्हाणीघरातील गीझरचे गरम पाणी “आयतेच तापलेले आहे” म्हणून स्वयंपाकाला घेणारे लोक मी पाहिले आहेत. ते पाणी टाकीत कितीही दिवस साचलेले असू शकते आणि टाकीतील गाळ व गंज त्यात उतरलेला असतो. पिण्याचे पाणीच घ्यावे आणि तेही उकळावे. पहिल्या दिवशी केटलीत एकदा पाणी उकळून ते फेकून द्यावे.

केटलीत पाण्याशिवाय दुसरे काहीही घालू नये, हा नियम मी येथे ठळकपणे मांडतो, कारण तो मोडण्याचे फळ मी भोगले आहे. काही वर्षांपूर्वी आजारी काकांसोबत एका लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर राहत असताना रात्री त्यांना गरम दूध द्यावे म्हणून मी अर्धा लिटरची पिशवी सरळ केटलीत ओतली. दूध पाण्यासारखे शांतपणे उकळत नाही, ते फुगते. केटलीचे स्वयंचलित बटण वाफेवर बंद होते, फेसावर नव्हे; साय झाकणाखालून वर आली, चोचीतून उतरली आणि खालच्या विजेच्या बैठकीत शिरली. “टप्” असा आवाज झाला आणि आमच्याच खोलीचे नव्हे तर पूर्ण मजल्याचे दिवे गेले. अंधारात करपलेल्या दुधाच्या वासात उभे राहून, विजेरी घेऊन आलेल्या मॅनेजरला उत्तर देण्याचा तो प्रसंग मी कोणावरही येऊ देऊ इच्छित नाही. दुधाचा योग्य मार्ग असा: स्टीलच्या डब्यात दूध घेऊन तो डबा ताटलीत किंवा मोठ्या भांड्यात ठेवावा, भोवती कढत पाणी ओतावे आणि दहा मिनिटांनी दूध ढवळून घ्यावे. ते उकळत नाही, पण पिण्याजोगे गरम होते; पाश्चराईज केलेल्या पिशवीच्या ताज्या दुधाला तेवढे पुरते.

> तपासणी: केटलीत किमान खुणेपेक्षा कमी आणि कमाल खुणेपेक्षा जास्त पाणी नाही ना, बैठक कोरडी आहे ना, हात कोरडे आहेत ना, हे पाहूनच बटण दाबावे. केटली चालू असताना खोली सोडून अंघोळीला जाऊ नये.

टप्पा ५: सकाळचे पोहे

येथे पहिली अडचण दुकानातच येते. इंदूरच्या वाण्याला नुसते “पोहा दीजिए” म्हटले तर तो जाडे पोहे बांधून देतो, कारण येथील नाश्त्याला तेच लागतात. आपल्याला विस्तवाशिवाय करायच्या पदार्थासाठी पातळ पोहे हवे असतात, तेव्हा “पतला पोहा” असे स्वच्छ सांगावे आणि पुडी उघडून पाहावी: पोहा बोटांत धरून उजेडाकडे केला तर आरपार उजेड दिसला पाहिजे. अर्धा किलो पोह्यांत भरपूर सहा प्लेटी होतात.

विस्तवाशिवायच्या खोलीसाठी दडपे पोहे हा कोकणाने आपल्याला दिलेला तयार तोडगा आहे, पण त्यात क्रम चुकला की सगळे चुकते. योग्य क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१. दोघांसाठी तीन वाट्या पातळ पोहे निवडून ताटलीत घ्यावेत. ते धुऊ नयेत.

२. डब्यात बारीक चिरलेला कांदा, बारीक चोचवलेली काकडी, मिळाल्यास अर्धी वाटी ओले खोबरे, चवीपुरते मीठ, एक चमचा साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र करून हाताने चांगले चुरडावे. मीठ आणि साखरेमुळे दहा मिनिटांत कांदा-काकडीला पाणी सुटते. पोह्यांना लागणारा ओलावा तो हाच, वेगळे पाणी घालायचे नसते. काकडी चोचवून झाल्यावर ती पिळून पाणी फेकणे ही येथील सर्रास चूक होय.

३. या मिश्रणात पोहे घालून हलक्या हाताने कालवावेत, डब्यात दाबून बसवावेत, वर ताटली ठेवून तिच्यावर पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवावी आणि वीस मिनिटे थांबावे. दडपणे म्हणतात ते हेच. ही पायरी गाळली तर पोहे वरून कोरडे आणि खालून लगदा असे होतात.

४. शेवटी बाटलीतील फोडणीचे दोन चमचे आणि शेंगदाण्याचे कूट घालून कालवावे.

फोडणी आधी घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे केल्यास तेलाचा थर पोह्यांवर बसतो आणि मग काकडीचे पाणी आत शिरत नाही. पोहे तासभर दडपले तरी चामट राहतात. तेल शेवटी, हे लक्षात ठेवावे.

चुकून जाडे पोहे घेतले गेले असतील तर तेही वाया जात नाहीत. ते चाळणीअभावी फडक्यात घेऊन धुवावेत, निथळावेत, पाच मिनिटांनी मीठ, साखर आणि फोडणी लावून स्टीलच्या डब्यात घट्ट झाकावेत आणि तो डबा कढत पाण्यात दहा-बारा मिनिटे उभा ठेवावा. इंदूरच्या ठेल्यांवरही पोह्यांचे पातेले उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवून वाफेवर गरम राखतात, तेव्हा ही युक्ती येथलीच आहे. वर शेव आणि चिमूटभर जीरावन (पोह्यांवर घालायचा इंदुरी कोरडा मसाला) भुरभुरले की बाहेरच्या पोह्यांची आठवण येत नाही, असे मी म्हणणार नाही, पण सकाळ भागते.

टप्पा ६: उपमा

हा सर्वांत सोपा पदार्थ असून त्यात चूक फक्त पाण्याच्या उष्णतेत होते. एक वाटी तयार रव्यास दोन वाट्या पाणी हे प्रमाण ठेवावे. रवा डब्यात काढून डबा केटलीशेजारी तयार ठेवावा, पाणी उकळून बटण बंद होताच त्याच क्षणी ओतावे, भराभर ढवळून गुठळ्या मोडाव्यात, झाकण लावून डबा टॉवेलात गुंडाळावा आणि आठ ते दहा मिनिटे उघडू नये. बटण बंद झाल्यावर डबा शोधायला निघणारे लोक नंतर “रवा कच्चा राहिला” अशी तक्रार करतात. स्टीलचा थंड डबा पाण्याची बरीच उष्णता शोषून घेतो, म्हणून हिवाळ्यात आधी थोड्या कढत पाण्याने डबा विसळून घ्यावा.

> तपासणी: चमच्याने मधला भाग उकरून पाहावा. मध्यभागी पांढरट, रवाळ ठिपके दिसल्यास दोन चमचे कढत पाणी शिंपडून पुन्हा पाच मिनिटे झाकावे.

टप्पा ७: थर्मासमधील खिचडी

दवाखान्यातून दमून आल्यावर रात्री गरम, मऊ आणि पोटाला हलके काही मिळण्याचा हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे. त्यात दोनदा पाणी उकळावे लागते आणि हे दुसरे पाणी कशासाठी, असे वाटून लोक नेमके तेच गाळतात.

पहिले उकळलेले पाणी थर्मासात काठोकाठ ओतून झाकण लावावे आणि ते पाच मिनिटे तसेच ठेवावे. याचा उपयोग फक्त थर्मासची आतली भिंत तापवणे हा आहे. या पाच मिनिटांत केटलीत दुसरे पाणी, सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर, उकळायला लावावे. दुसरे पाणी उकळताच पहिले ओतून टाकावे (भांडी धुण्यासाठी ते बाजूला ठेवल्यास उत्तम), थर्मासात दीडशे मिलिलिटरच्या वाटीने एक वाटी भरडा आणि अर्धा चमचा मीठ घालावे, निम्मे पाणी ओतून लांब चमच्याने तळापर्यंत ढवळावे आणि मग उरलेले पाणी ओतावे. एकूण पाणी भरड्याच्या चौपट असावे. झाकण घट्ट लावून थर्मास टॉवेलात गुंडाळावा आणि पंचेचाळीस मिनिटे ठेवावा.

थर्मास हलवून मिश्रण एकजीव करण्याचा प्रयत्न करू नये. आत कढत पाण्याची वाफ कोंडलेली असते आणि झाकण उघडताना ती हातावर येते. ढवळणे चमच्यानेच करावे. थर्मास अर्धा रिकामा ठेवणेही टाळावे. आत जितकी मोकळी हवा तितके पाणी लवकर निवते. एकाच माणसाला जेवायचे असेल तर पूर्ण लिटरच्या थर्मासात अर्धी वाटी भरडा शिजवण्याऐवजी अर्ध्या लिटरचा लहान थर्मास आणावा.

> तपासणी: उघडल्यावर वाफ स्पष्ट दिसली पाहिजे आणि दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. खिचडी नुसती कोमट असेल आणि दाणा कच्चा असेल तर ती “अजून तासभर ठेवू” असे म्हणून ठेवू नये. त्या कोमट अवस्थेत शिजणे होत नाही, जंतूंची वाढ मात्र होते.

शिजलेली खिचडी वाटीत काढून वर फोडणीचा एक चमचा, मेतकूट आणि असल्यास साजूक तूप घालावे. उरलेली खिचडी सकाळसाठी थर्मासात ठेवू नये. भाताचे पदार्थ साठ अंशांखाली उतरून तासन् तास राहिले की त्यांत जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून पोटाच्या अंदाजाने थोडे कमीच करावे.

> सावधान: राजमा थर्मासात कधीही शिजवू नये. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते आणि ते निकामी होण्यासाठी राजमा किमान दहा मिनिटे खळखळा उकळावा लागतो. अर्धवट तापलेल्या पाण्यात ते शिल्लक राहते आणि उलट्या-जुलाब होतात. छोले व अख्खे मूग विषारी नसले तरी थर्मासात ते धड शिजत नाहीत, तेव्हा त्यांचाही नाद सोडावा.

टप्पा ८: बाहेरून काय आणावे आणि काय आणू नये

पोळी खोलीत होत नाही आणि ती करण्याचा हट्टही धरू नये. भोजनालयातून पूर्ण थाळी न घेता फक्त तव्यावरच्या पोळ्या मोजून घ्याव्यात, बहुतेक ठिकाणी त्या सुट्या मिळतात. खोलीत दही, शेंगदाण्याची चटणी आणि काकडीची कोशिंबीर तयार असेल तर थाळीच्या तुलनेत बरेच कमी पैशांत दोघांचे जेवण होते. बाजूला ठेवलेल्या पोळ्यांचे तुकडे करून, त्यावर ताक, मीठ आणि फोडणी घालून दुसऱ्या वेळचा कालाही होतो, पण पोळ्या त्याच दिवसाच्या असाव्यात.

दही आणि दूध एका वेळेपुरतेच आणावे. एप्रिल-मे महिन्यांत इंदूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि फ्रीज नसलेल्या खोलीत सकाळचे दही संध्याकाळी जिभेला चावते. उघडलेला ओला पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त आणि कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. ओल्या खोबऱ्यालाही हाच नियम लागू आहे. चिरून ठेवलेली फळे ठेल्यावरून आणण्यापेक्षा केळी आणि संत्री घ्यावीत, त्यांची साल आपणच काढतो.

मोड आलेली कडधान्ये घ्यायची असतील तर ती कच्ची खाऊ नयेत. मोड येताना मिळणारी ऊब आणि ओलावा जंतूंनाही मानवतो. रुग्णाला यांपैकी काहीही देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मीठ, पाणी आणि डाळ यांवर ज्यांना बंधन आहे अशांसाठी हा लेख नाही.

टप्पा ९: धुणे, कचरा आणि केटलीचा पांढरा थर

भांडी वॉश बेसिनमध्ये धुण्यापूर्वी ताटलीतील शिते आणि रव्याचे कण कागदाने पुसून घ्यावेत. खोलीतील बेसिनची नळी अरुंद असते. दोन दिवसांत ती तुंबते आणि लॉजवाल्याचा केटलीवरील विश्वास तेथेच संपतो. मुंग्यांसाठी साखरेची डबी पाण्याच्या ताटलीत उभी ठेवावी.

इंदूर २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले आले ते ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याच्या सवयीवर. बाहेरून आलेल्यांनीही त्याच रीतीने वागावे, अशी येथील लोकांची अपेक्षा असते. साली, देठ आणि उष्टे एका पिशवीत, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या आणि कागद दुसरीत, अशी विभागणी करून रोज रात्री खाली द्यावे. ओला कचरा रात्रभर खोलीत राहिला तर सकाळी झुरळांची दिंडी निघते. खिडकीतून केळीचे साल भिरकावण्याचा विचार येथे दंडाला पात्र ठरतो.

पाणी बोअरवेलचे असेल तर चार-पाच दिवसांत केटलीच्या तळाशी पांढरा खडबडीत थर धरतो. तो घासणीने खरवडू नये. केटलीत अर्ध्या पातळीपर्यंत पाणी घेऊन त्यात एका लिंबाचा रस पिळावा (टप्पा ४ मधील ‘पाण्याशिवाय काहीही नको’ या नियमाला हा एकच अपवाद), उकळावे, वीस मिनिटे ठेवून ओतून टाकावे आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा विसळावे. थर्मास धुतल्यावर झाकण न लावता पालथा ठेवावा, आणि घरी निघताना तो पूर्ण कोरडा झाला आहे याची खात्री करूनच पिशवीत भरावा. ओलसर राहिलेल्या थर्मासाचा वास पुढच्या मुक्कामाच्या पहिल्याच खिचडीत उतरतो.